सगळं ताईच्या नावावर

माझं झेरॉक्सचं दुकान निवडणूक कचेरीच्या बरोबर समोर आहे. त्यामुळे कचेरीच्या भिंतीवरचा फळा दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतो. मला काही तो बघायची हौस नाही, पण दुकानात बसल्यावर दुसरं बघायचं तरी काय? एक कुरकुरणारं मशीन, कागदांचे गठ्ठे, लोक विसरून गेलेल्या छत्र्या, आणि समोर फळा. ताईचं जे झालं ते माझ्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही, आणि गावात जे बोललं जातं त्यातलं अर्धं धादांत खोटं आहे. म्हणून मीच सांगते.

आधी फळ्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसाला कोणी पैसे दिले, तर देणाऱ्याचं नाव, त्याचा धंदा आणि रक्कम दुसऱ्या दिवशी कचेरी बंद व्हायच्या आत फळ्यावर लागलीच पाहिजे, असा आमच्याकडे नियम आहे. पूर्वी नव्हता. पूर्वी ही नावं निवडणूक होऊन वर्ष उलटल्यावर बाहेर यायची, तीही एका जाडजूड बाडात. बाड कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. तोवर पैसे देणाऱ्यांना रस्त्यांची कामं मिळालेली असायची, रस्ते बांधून झालेले असायचे आणि उखडूनही झालेले असायचे. लोक वैतागले, भांडले, तेव्हा कुठे फळा आला. आता नावं संगणकावरही चढतात म्हणे. पण संगणक उघडून बघतोय कोण? फळा येताजाता दिसतो, म्हणून उमेदवार वचकून असतात ते फळ्याला.

त्या फळ्यावर लिहायचं काम ताईचं. ती कचेरीत कारकून होती, अजूनही आहे. अख्खं गाव तिला ताई म्हणतं, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. उंच, किडकिडीत, कपड्यांना कडक इस्त्री, खांद्याला एकच पिशवी. पिशवीत जेवणाचा डबा आणि खडूचा डबा, कारण कचेरीतले खडू भुसभुशीत, म्हणून ही आपल्या पदरचे आणायची. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. तिची-माझी मैत्री कशी जमली देव जाणे, कारण मी तोंड उघडलं की मशीनचा आवाज ऐकू येत नाही. दुपारचा डबा ती माझ्याच दुकानात खायची. मी बोलायची, ती खायची. असं आमचं छान चाललं होतं.

संध्याकाळी ती फळा ओल्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची आणि मग लिहायची. रस्त्यापलीकडून मला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं मोठं. लिहून झालं की एकेक नाव मोठ्यांदा वाचायची आणि प्रत्येक नावानंतर विचारायची, "कोणाला काही सांगायचंय?" हे विचारणं नियमात नव्हतं, ते तिचं स्वतःचं. पहिल्या वर्षी एका मास्तरांच्या नावाचाच दुसरा एक माणूस निघाला होता. पैसे त्याने दिले आणि शिव्या मास्तरांनी खाल्ल्या. तेव्हापासून ती विचारायला लागली. विचारून एक श्वासभर थांबायची, मग पुढचं नाव. कधीच कोणी काही सांगितलं नाही. तरी पोरंटोरं तिची नक्कल करायची, कुठेही काही वाचून दाखवलं की "कोणाला काही सांगायचंय?"

आता घरचं. ताईने लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, भाऊ लहान, पगार काय तो हिचा एकटीचा. तेव्हापासून त्या घरात एक रीतच पडून गेली, की काहीही घ्यायचं झालं तर ते ताईच्या नावावर. पगाराची चिठ्ठी दाखवल्याशिवाय बँक दारात उभं करत नव्हती, मग ताईच्या नावावर. फोन, विजेचं मीटर, स्कूटर, राहतं घरसुद्धा. पुढे भाऊ मोठा झाला, खोदकामाचा ठेकेदार झाला, हाताखाली माणसं आली, बायको आली, मुलं झाली, पण सवय काही सुटली नाही. दुकानदाराने विचारलं, "पावती कोणाच्या नावाने?" की ह्याच्या तोंडून आपसूक निघायचं, "ताईचं लिहा." कुत्र्याच्या परवान्यावरही मालकीण म्हणून ताई, आणि ते कुत्रं घरात फक्त तिच्यावरच भुंकायचं.

मी म्हणायची, "अगं, उद्या त्याने कोणाचं डोकं फोडलं तर तेही तुझ्याच नावावर लिहायला सांगेल."

"नाही फोडणार. भित्रा आहे तो," ती म्हणायची. त्याच्याबद्दल बोलताना तिचा आवाज बदलायचा. आईच झाली होती ती त्याची.

खरी आई खालच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. ताई वरच्या खोलीत. सकाळी कचेरीला निघायच्या आधी आणि संध्याकाळी आल्या आल्या आईचं सगळं तीच करायची. अंग पुसणं, वेणी घालणं, भरवणं. आई औषध घ्यायची ते ताईच्याच हातून. भावजय स्वभावाने वाईट नाही, पण म्हातारी तिच्यासमोर ओठ घट्ट मिटून घ्यायची. ताईला कचेरीतून निघायला उशीर झाला की तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे. त्या घरात जायला मिळणार नाही असा दिवस येईल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

निवडणुकीची धामधूम सुरू झाली तेव्हा मागच्या गल्लीतला सलूनवाला एकदा तिच्याकडे आला होता. त्याने आपल्या लहानपणच्या मित्राला थोडेसे पैसे दिले होते. मित्र उभा होता, आणि निवडून यायची त्याची काही चिन्हं नव्हती. सलूनवाला म्हणाला, "ताई, माझ्याकडे सगळ्या पक्षांची डोकी येतात. एवढं मतदान होऊ दे, मग लिहा. माझी काय ती किरकोळ रक्कम."

"रक्कम किरकोळ आहे म्हणून थांबले, तर मोठ्याला काय सांगू?" ताई म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी नाव लिहिलं. पुढच्या आठवड्यापासून त्याच्या दुकानातल्या खुर्च्या रिकाम्या. मला तिचा संतापच आला. म्हटलं, फळा मोठ्या माशांसाठी आहे, ह्या बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय? तिने डबा बंद केला आणि कचेरीत निघून गेली. नंतर मला कळलं, की तिने घरी भावाला बजावलं होतं, आजपासून केस त्याच्याकडेच कापायचे. भाऊ एकदा गेला, पुन्हा काही गेला नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारी उमेदवारांची माणसं कचेरीत कागद देऊन गेली. जेवायची वेळ झाली तरी ताई येईना. मग आली ती डबा न घेताच. काउंटरच्या आत येऊन स्टुलावर बसली. तिचा चेहरा बघून मी मशीन बंद केलं.

"आईला काही झालं का?" मी विचारलं.

"नाही. नगरपालिकेचे माजी अध्यक्ष उभे आहेत ना, त्यांच्या कागदात माझं नाव आलंय. मी त्यांना पैसे दिलेत म्हणे. भलीमोठी रक्कम आहे."

मी हसलेच. मला वाटलं, पुन्हा मास्तरांसारखंच काहीतरी. पण पत्ता तिचा, वडिलांचं नाव तिच्या वडिलांचं. मग माझी ट्यूब पेटली. माजी अध्यक्ष पुन्हा निवडून आले तर नव्या पाण्याच्या नळांसाठी अख्खं गाव खोदायचं काम निघणार होतं, आणि भाऊ नवंकोरं खोदायचं मशीन घेऊन त्याच कामाची वाट बघत बसला होता. ज्याने उमेदवाराला पैसे दिले त्याला गावाचं काम मिळत नाही, हाही नियमच आहे.

"त्याला बोलाव," मी म्हटलं. तिने माझ्याच फोनवरून त्याला बोलावून घेतलं.

आला तो हसत हसत, हातात हेल्मेट घेऊन. ताई काही बोलायच्या आधीच म्हणाला, "आलं का नाव? अगं, मी सांगणारच होतो. अध्यक्षांच्या मुलीने पैसे घेताना विचारलं, पावती कोणाच्या नावाने, तर सवयीने तुझं सांगून टाकलं."

"सवयीने," मी म्हटलं. "आणि तुझं नाव फळ्यावर यायचं टळलं, ते काय फुकटात?"

"मावशी, तुम्ही मध्ये बोलू नका." मी काही त्याची मावशी नाही, पण सगळ्यांनी आपलं मला मावशी करून ठेवलंय.

ताई हळू आवाजात म्हणाली, "कचेरीतल्या माणसाला कोणत्याच उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. दिले तर नोकरी जाते. पेन्शनसकट."

हे त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि हे मी त्याच्या बाजूने सांगतेय. तो खाली बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "मग आज लिहू नकोस. कागद उशिरा आला म्हण. परवा लिही. परवा कोण बघतंय?"

"सलूनवाल्यानेही हेच सांगितलं होतं."

"सलूनवाला आणि मी सारखाच का गं तुला?"

 मग त्याने दुसरं काढलं. "बरं, तुझंच नाव राहू दे. नोकरी गेली तर गेली. किती वर्षं राबणार आहेस अजून? घर आपलं आहे, मी आहे. आईजवळ बस दिवसभर निवांत. मी तुला काही कमी पडू देणार नाही. पण माझं नाव आलं ना, तर काम तर जाईलच, वर दुसऱ्याच्या नावाने पैसे दिले म्हणून खटला चालेल. मशीन दारात उभं आहे, ताई. पोरांचं काय करू?"

तो रडायला लागला. चांगला दांडगा बाप्या माणूस, माझ्या झेरॉक्सच्या कागदांवर डोळे पुसतोय. मला राग यायला हवा होता, आलाही, पण आणखी एक कोरा कागद मीच त्याच्या हातात दिला. ताई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "संध्याकाळी फळ्यापाशी ये. मी नाव वाचल्यावर विचारते ना, तेव्हा तू सांग. आपण होऊन सांगितलंस तर दंडावर भागतं, खटला होत नाही. मी असेन तिथे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. मी असेन म्हटलं ना."

तो "बघतो" म्हणाला आणि गेला. त्याचं "बघतो" म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ताईलाही ठाऊक असणार, पण तिचा जीव त्याच्यात अडकलेला. मी म्हटलं, "साहेबांना सांग, आज फळा दुसऱ्या कोणाला लिहू दे." साहेब मतदान केंद्रं बघायला गावभर फिरत होते, त्यांचा पत्ता नव्हता. ती म्हणाली, "दुसऱ्याने लिहिलं तर तो नुसतं लिहील. विचारणार नाही." मग उठली आणि रस्ता ओलांडून गेली. त्या दिवशी डबा तसाच राहिला.

मतदानाच्या आदल्या दिवशी फळ्याला नेहमीच गर्दी असते. सगळ्यांना शेवटची नावं बघायची असतात. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि जाऊन उभी राहिले. सलूनवाला होता, आता त्याला वेळच वेळ. भाऊ विजेच्या खांबापाशी, स्कूटरला टेकून उभा. आला, हे बघून माझा जीव भांड्यात पडला.

ताईने फळा पुसला. वाळू दिला. पहिली दोन नावं लिहिली आणि तिसरं स्वतःचं. अक्षर तेच, तेवढंच मोठं. खाली धंदा, निवडणूक कचेरीत नोकरी. खाली रक्कम. लोक आधी हसले. कोणीतरी म्हणालं, "ताई, तुम्हीसुद्धा का?" मग कुजबूज सुरू झाली. मग तीही थांबली.

उरलेली नावं लिहून तिने खडू खाली ठेवला आणि वाचायला लागली. पहिलं नाव वाचलं, विचारलं, थांबली. दुसरं वाचलं, विचारलं, थांबली. मग स्वतःचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, परक्या माणसाचं वाचावं तसं. आणि विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?"

ती सरळ भावाकडे बघत होती. तोही तिच्याकडे बघत होता. एरवी ती श्वासभर थांबायची, त्या दिवशी थांबूनच राहिली. मला वाटलं, आता बोलेल, आत्ता बोलेल. बोल रे बाबा, मी मनात म्हणत होते, तिने तुला आपल्या हातांनी वाढवलंय. तो हेल्मेटची पट्टी बोटांनी उलटसुलट करत होता. कोणी खोकलं. गर्दीत चुळबूज सुरू झाली.

सलूनवाला म्हणाला, "माझ्या वेळी एवढं थांबला नव्हतात, ताई."

टोमणा नव्हता तो. साधंच बोलला बिचारा. पण ताईने मान खाली घातली, जशी काही तिला कोणी मुस्काटात दिली.

मग ती म्हणाली, "मला सांगायचंय. हे पैसे माझे नाहीत. माझ्या नावाने दुसऱ्याने दिलेत. मला आज दुपारी कळलं. ज्याने दिले तो इथे आहे. त्याने सांगितलं तर बरं होईल."

पुन्हा थांबली. आता सगळी गर्दी माना वळवून शोधायला लागली. भावाने हेल्मेट डोक्यावर घातलं, काच खाली ओढली आणि स्कूटर सुरू केली. ती स्कूटरही तिच्याच नावावर.

आवाज लांब जाईपर्यंत ती उभी होती. मग तिने फडकं घेतलं, आपलं नाव पुसलं आणि त्या जागी भावाचं लिहिलं. धंदा, खोदकामाचा ठेका. रक्कम तीच. फळ्यावरचं नाव असं बदललं, तर ते कोणी सांगितलं तेही खाली लिहावं लागतं. तिने लिहिलं, "माहिती देणार, सख्खी बहीण." ते वाचून दाखवताना मात्र तिचा आवाज फाटला. पुढचं नाव वाचलंच पाहिजे म्हणून वाचलं. शेवटपर्यंत वाचलं, प्रत्येक वेळी विचारलं.

मी शटर ओढत होते तेव्हा ती घरी जाऊन परत आली, तीच पिशवी खांद्याला, हातात आणखी एक. भावजयीने दुसरी पिशवी भरून पायरीवर ठेवली होती. भाऊ दारात उभा राहून म्हणाला होता, "आजपासून तू माझी कोणी नाहीस." आत आई हाका मारत होती. त्या ताईला पायरीवर ऐकू येत होत्या.

मी खवळले. म्हटलं, "घर तुझ्या नावावर आहे. कागद दाखव आणि त्यालाच बाहेर काढ. मी येते तुझ्याबरोबर, बघू कोण अडवतो ते."

"आणि आईला कुठे ठेवू?" ती म्हणाली. "अंथरुणावरून उचलून पोलिसांसमोर नेऊ? आणि पोरांनी काय केलंय?"

मग मी गप्प बसले. माझ्या बाबतीत हे फार क्वचित होतं. दुकानाच्या मागे माझी एक खोली आहे, जुनी मशीनं पडलेली. ती आवरली. तेव्हापासून ती तिथे राहते.

माजी अध्यक्ष पडले. म्हणजे पैसेही गेले आणि कामही गेलं. भावावर खटला झाला, मशीन विकावं लागलं, आता तो दुसऱ्याच्या हाताखाली काम करतो. ताईची चौकशी झाली आणि नोकरी टिकली. गावात निम्मे लोक म्हणतात, काय दगडाच्या काळजाची बाई, पाठच्या भावाला भरचौकात उघडा पाडला. निम्मे म्हणतात, बाई असावी तर अशी. तिचं कौतुक करणारे त्यातल्या त्यात जास्त डोक्यात जातात माझ्या. एकदा एकाने दुकानात उभं राहून तिचं गुणगान सुरू केलं, तेव्हा मी म्हटलं, ती रोज संध्याकाळी औषधाच्या वेळेला उठून उभी राहते आणि मग आठवण झाली की परत बसते. ते बघायला या एकदा. सलूनवाल्याचं म्हणाल, तर त्याची गिऱ्हाइकंही काही परत आली नाहीत.

आईला घरात सांगितलंय की ताईची लांब बदली झाली. भावजय एकदा बाजारात मला भेटली, तिने सांगितलं. म्हातारी औषध थुंकून टाकते म्हणाली. मी ते ताईला सांगितलं नाही. पोटात ठेवलं, आणि माझ्या पोटात काही राहत नाही, तरी ठेवलं.

मग मागच्या महिन्यात भाऊ माझ्या दुकानात आला. मला वाटलं, भांडायला आला. मी बाह्या सरसावल्या. पण त्याच्या हातात कागदांचा हा एवढा गठ्ठा. घराचे, मीटरचे, फोनचे, स्कूटरचे. अगदी कुत्र्याचा परवानासुद्धा. "सगळं माझ्या नावावर करून घ्यायचंय," तो म्हणाला. "प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती. आणि तिच्या सह्या." वाळला होता. दाढी वाढलेली.

मी म्हणणार होते, घर सोडून बाकी घे. तोंड उघडलंही होतं. पण ताई मागच्या खोलीतून बाहेर आली. त्याच्याकडे एकदा बघितलं, हात कपड्यांना पुसले आणि काउंटरपाशी बसली. मी प्रती काढत गेले, ती सह्या करत गेली. एकही कागद वाचला नाही तिने. सगळ्या गावाचं वाचून दाखवणारी बाई, आपलं घर देऊन टाकताना एक ओळ वाचली नाही. मशीन कुरकुरत होतं तेवढाच काय तो आवाज.

घराच्या कागदावर तिने सही केली तेव्हा तो म्हणाला, "त्या दिवशी तू फळ्यापाशी थांबलीस ना. एवढी थांबलीस, मला वाटलं झाकतेयस. माझ्यासाठी थांबलीयस. पुढचं नाव घेशील आणि मिटेल."

"तुझ्यासाठीच थांबले होते," ताई म्हणाली. "तू बोलशील म्हणून."

दोघांनीही मग वर बघितलं नाही. मी उगीचच मशीनमधला कागद नीट केला.

गठ्ठ्यात तळाशी एक दवाखान्याचं कार्ड होतं, आईचं. पेशंटला काही झालं तर कोणाला कळवायचं, त्या जागी ताईचं नाव. मी ते घ्यायला हात पुढे केला. त्याने ते बाजूला ओढलं, थोडा वेळ तसंच धरून ठेवलं आणि खिशात घातलं.

"हे राहू दे तुझ्या नावावर," म्हणाला.

"राहू दे," ताई म्हणाली. मग विचारलं, "आई विचारते का माझं?"

"रोज. बदली कधी संपते म्हणून."

"मग तू काय सांगतोस?"

तो कागद गोळा करत होता. पिशवीत भरले, पिशवीचे बंद आवळले. ताई थांबली, फळ्यापाशी थांबली होती तशीच, त्याच्या तोंडाकडे बघत. त्याने काउंटरवरचं हेल्मेट उचललं, डोक्यावर चढवलं आणि रस्त्यावर जाऊन स्कूटर सुरू केली.